पुण्याच्या उन्हात टिकणारी कोंबडी: परसासाठी जात कशी निवडायची

परसात पाच-सहा कोंबड्या पाळायचं ठरलं की बहुतेक जण आधी विचारतात, जास्त अंडी कोणती जात देते? पुण्यात आधी वजन विचारावं, अंड्यांचं नंतर. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, हडपसरपासून दौंडपर्यंतच्या पट्ट्यात त्याच्याही वर जातो. अशा दुपारी दीड किलोची कोंबडी आंब्याखाली माती उकरून पडून राहते आणि संध्याकाळी पुन्हा चरायला लागते. तीन किलोची त्याच सावलीत धापा टाकत असते, आणि वर पत्रा तापलेला असेल तर संध्याकाळपर्यंत टिकेलच असं सांगता येत नाही.

कारण साधं आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढे असतं आणि वर पिसांचं पांघरूण. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच मोठे मार्ग: तुरा, गळ्याखालची लाल कातडी आणि पाय यांतून ती हवेत सोडणं, किंवा चोच उघडून धापा टाकणं. हवा तिशीच्या आत असते तोवर पहिला मार्ग पुरतो. पस्तिशीच्या पुढे बहुतेक भार धापांवर येतो. अंग जितकं मोठं, तितकी आत उष्णता जास्त तयार होते आणि वजनाच्या मानाने बाहेर टाकायला कातडी कमी पडते. म्हणून हलकं अंग, मोठा तुरा, लांब उघडे पाय आणि विरळ पिसं ही उन्हाळ्याची लक्षणं. पायांवर पिसं, चेंडूसारखं फुगलेलं अंग आणि इवलासा तुरा दिसला की ती कोंबडी थंड मुलखातली समजावी.

आधी जागा बघा

एकाच जिल्ह्यात तीन हवामानं आहेत, त्यामुळे शेजारच्या तालुक्यातला सल्ला जसाच्या तसा उचलू नका.

लोणी काळभोर, उरुळी, वाघोली, शिरूर, दौंड: ऊन कडक, हवा कोरडी, पाऊस कमी. इथे उष्णता हाच मुख्य शत्रू. मुळशी, वेल्हे, मावळ: उन्हाळा त्या मानाने सुसह्य, पण जून ते सप्टेंबर जमीन वाळतच नाही. तिथे रक्ती हगवण आणि ओल्या तुसातल्या बुरश्या उन्हापेक्षा जास्त पिलं मारतात. तिसरं हवामान म्हणजे शहरातला बंगला किंवा गच्ची.

गच्चीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण पुण्यातले बरेच नवखे तिथूनच सुरुवात करतात. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ओकत राहतो. पुण्याच्या उन्हाळ्यात कोंबडीला वाचवणारी एक गोष्ट म्हणजे रात्रीचा गारवा. दिवसभर साचलेली उष्णता ती रात्री बाहेर टाकते. स्लॅबवर ठेवलेल्या खुराड्यात हीच सोय जाते. गच्चीशिवाय पर्यायच नसेल तर खुराडं स्लॅबपासून किमान दीड फूट उंच ठेवा, खालून वारा खेळू द्या, आजूबाजूच्या स्लॅबला चुना मारा आणि जात हलकीच घ्या. गच्चीवर दोन-अडीच किलोच्या जाती आणू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाल्कनीचा तर विचारच करू नका.

सोसायटीत राहत असाल तर पिलं आणण्याआधी सोसायटीचे नियम आणि शेजाऱ्यांचं मत दोन्ही जाणून घ्या. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. कोंबड्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी घालते, फक्त त्यांतून पिलं निघत नाहीत. पहाटे चारची बांग नसली की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

मग गरज ठरवा

चौघांच्या घराला रोज दोन-तीन अंडी पुरत असतील तर परसात वर्षाला १६०-१७० अंडी देणाऱ्या सहा कोंबड्या पुष्कळ झाल्या. सहा गुणिले १६५ म्हणजे वर्षाला हजाराच्या आसपास, रोजची सरासरी पावणेतीन. ती सरासरीच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत चार-पाच मिळतील, मेमध्ये एखाद-दुसरं, आणि पिसं झडण्याच्या काळात काही दिवस एकही नाही.

मांसही हवं असेल तर गणित बदलतं, आणि घरच्या घरी पिलं काढायची असतील तर अजूनच. पुढे जातींबद्दल वाचताना आपलं यातलं काय आहे ते डोक्यात ठेवा.

जाती: कोण टिकतं, कोण नाही

*ग्रामप्रिया.* पुण्याच्या पूर्व भागात पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्याला आम्ही बहुतेक वेळा हीच सुचवतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या अंड्यांसाठीच तयार केलेली जात. मादी साधारण पावणेदोन किलोच्या आत-बाहेर, अंग सुटसुटीत, अंडी तपकिरी आणि चांगली मोठी. चारणं आणि थोडा भरडा मिळाला तर वर्षाला १६० ते १८० अंडी. साडेपाच महिन्यांच्या आसपास सुरू होते. दोष एकच: ती खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवत नाही. पिलं काढायची असतील तर तिची अंडी दुसरीच्या पोटाखाली ठेवावी लागतात. आणि ही संकरित असल्याने तिच्याच अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईइतकी अंडी देत नाही, रंगही वाटेल ते निघतात. दर दोन वर्षांनी नवी पिलं आणायची तयारी ठेवा.

*वनराजा.* तीही हैदराबादचीच, पण दुहेरी उपयोगाची. दिसायला देखणी, रंगीबेरंगी, नर भारदस्त. अंडी वर्षाला शंभर-एकशेदहा. खरी अडचण खाद्याची असते. सहा आठवड्यांनंतर तिला पोटभर खुराक देत राहिलं की ती अंगावर चरबी धरते. चरबीची मादी अंडी कमी घालते आणि मेमध्ये पहिली बळी पडते. वनराजा ठेवायची तर तिला हिंडायला मोठं आवार हवं आणि दाणा मोजून द्यायला हवा. अंगणात कोंडून भरवायची ही जात नव्हे.

*गिरिराजा.* बंगळूरची. महाराष्ट्रात चांगली रुळलेली आणि सहज मिळते. वनराजासारखीच वजनदार, म्हणून तेच पथ्य. मुळशी-मावळच्या बाजूला उत्तम, दौंड-शिरूरकडे दाट सावली असेल तरच.

*कडकनाथ.* मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातली, २०१८ पासून झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन. काळा रंग ऊन शोषतो हे खरं, तरी ही जात उन्हाला काटक आहे, कारण मादी जेमतेम सव्वा-दीड किलोची, पिसं अंगाला चिकटलेली आणि अंग सडपातळ. फक्त डोक्यावर सावली हवी. भर उन्हात काळं पीस पांढऱ्यापेक्षा जास्त तापतंच. अंडी वर्षाला ८० ते १००, लहान. आणि ती काळी नसतात! फिकट बदामी किंवा मळकट पांढरी असतात. काळं अंडं म्हणून कोणी विकत असेल तर ते रंगवलेलं आहे. खरेदी करताना चोच उघडून जीभ आणि टाळा बघा, काळसर हवेत. तुरा जांभळट-काळा हवा. झगझगीत लाल असेल तर तो संकर. ही कोंबडी उडते, त्यामुळे पाच फुटांचं कुंपण तिला अडवत नाही, वरून जाळी लावा. आणि कडकनाथच्या नावाने 'पिलं घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ' असं कोणी म्हणालं तर २०१९ साली सांगली भागात उघडकीला आलेला घोटाळा आठवा.

*गावरान.* हा शब्द आता इतका ताणला गेलाय की रंगीत पिसांचं कुठलंही पिलू गावरान म्हणून खपतं. एक सोपी पारख आहे. खरं गावरान पिलू आठ आठवड्यांत चारशे-पाचशे ग्रॅमचं असतं. त्याच वयाला किलोच्या वर गेलं असेल तर तो रंगीत ब्रॉयलरचा संकर, मग विकणारा काहीही म्हणो. खऱ्या गावरान कोंबडीची अंडी वर्षाला साठ-ऐंशीच, पण उन्हाळा, उपास, घार, सगळ्यांतून ती वाट काढते आणि खुडूक बसून पिलं वाढवते. काही गावरान कळपांत मान पूर्ण उघडी असलेली कोंबडी दिसते. बघणारे 'रोगी आहे का' विचारतात. तो रोग नाही, जन्मजात गुण आहे. अंगावरची पिसं साधारण पाचव्या हिश्श्याने कमी, आणि हा गुण आई-बाप दोघांकडून आलेला असेल तर जवळजवळ चाळीस टक्के कमी. उष्ण भागासाठी याहून चांगली सोय नाही. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संस्थेने याच उघड्या मानेपासून 'हितकारी' हा वाण तयार केला आहे. बाजारात अशी तलंग, म्हणजे अजून अंड्यांवर न आलेली तरुण मादी, दिसली तर दिसण्यावर जाऊ नका, उचला.

*असील.* लांब पाय, कमी पिसं, उन्हाला पोलाद. पण अंडी वर्षाला चाळिसाच्या आसपास, आणि भांडखोर इतकी की माद्याही एकमेकींची डोकी फोडतात. खुडूक बसवायला एखादी असील मादी सोन्यासारखी. अंड्यांसाठी नको.

*ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प.* दोन्ही परदेशी, पण इथे बऱ्याच वर्षांपासून रुळलेल्या. अंडी भरपूर, दोनशेच्या घरात, पण त्यासाठी खाद्य पूर्ण द्यावं लागतं. मादी अडीच किलोच्या आसपास. ऱ्होड आयलंड रेड दाट झाडीत उन्हाळा काढते. ऑस्ट्रालॉर्प काळी आणि जाड पिसांची, तिला कोथरूड-पाषाणच्या जुन्या, झाडीतल्या बंगल्यांत ठेवा, उघड्या माळावर नको.

आता जे आणायचं नाही ते. ब्रह्मा, कोचीन, सिल्की, ऑर्पिंग्टन या शोभेच्या जाती फोटोत छान दिसतात. पायांवर झुबकेदार पिसं, अंगावर रजई. एप्रिलमध्ये त्यांना पंख्याखाली ठेवायची वेळ येते आणि वीज गेली की जीव टांगणीला. ब्रॉयलर पिलू 'वाढवून बघू' म्हणून आणू नका. ते पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचं होण्यासाठीच बनवलंय. पुढे पाय वाकतात, हृदय दमतं, आणि पहिल्या उष्ण दुपारी ते जातं. जत्रेत आणि रस्त्यावर विकतात ती गुलाबी-हिरवी रंगवलेली पिलं बहुधा पांढऱ्या अंड्यांच्या जातीचे नको असलेले नर असतात. मुलांनी कितीही हट्ट केला तरी नाही म्हणा.

पहिल्या वर्षासाठी आमची निवड विचाराल तर: चार ग्रामप्रिया आणि दोन गावरान, त्यातली एक उघड्या मानेची मिळाली तर उत्तम. अंडी ग्रामप्रियाकडून, पिलं बसवायला गावरान. कडकनाथची हौस असेल तर ती दुसऱ्या वर्षी. सगळ्या एकाच वयाच्या आणा. मोठ्या कळपात मागून सोडलेली एकटी तलंग टोचणी खाते, पाण्यापर्यंत पोचू शकत नाही, आणि उन्हाळ्यात पाण्यापासून तुटलेली कोंबडी फार दिवस काढत नाही.

पिलं कधी आणि कुठून

हिशेब मागून मांडा. मार्चच्या अखेरीस कोंबडी पूर्ण वाढलेली आणि अंड्यांवर स्थिरावलेली हवी. पहिलं अंडं साडेपाच-सहा महिन्यांनी येतं. म्हणजे पिलू जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेलं हवं: डिसेंबर-जानेवारीत अंडी सुरू, दिवस मोठा होत जातो त्याची मदत, आणि उन्हाळा येईपर्यंत अंग तयार. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पिलं घेतली तर ती ऐन एप्रिल-मे मध्ये अंड्यांवर येतात. पहिल्या अंड्याचा ताण आणि चाळीस अंशांचा ताण एकत्र, यात कोवळ्या तलंगा खचतात.

मुळशी-वेल्ह्यासारख्या पावसाच्या भागात जुलैचं एक दिवसाचं पिलू सांभाळणं अवघड. तिथे सप्टेंबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, सहा-आठ आठवड्यांची लसीकरण झालेली पिलं आणा. खरं तर नवख्याने कुठेही तीच आणावीत. किंमत जास्त पडते, पण ऊब देण्याचा कारभार वाचतो आणि नर-मादी ओळखता येतात. या वयाला नराचा तुरा मोठा आणि लाल व्हायला लागलेला असतो. एक दिवसाच्या पिलांत निम्मे नर निघणार हे धरूनच चाला. सहा माद्या हव्या असतील तर पंधरा पिलं घ्यावी लागतात.

पुण्यात खडकीला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांतही परसातल्या कोंबड्यांबद्दल विचारता येतं. कोणत्या वेळी कोणती जात उपलब्ध असेल हे बदलतं, तेव्हा आधी फोन करून नाव नोंदवा. खासगी उबवणी केंद्रातून घेतलीत तर लसींचा कागद मागा. त्यावर पहिल्याच दिवशी मरेक्स, पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची पहिली लस), चौदाव्याच्या सुमारास गुंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवी आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात मानमोडीची आर टू बी, असा साधारण क्रम दिसायला हवा. राहिलेल्या लसी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पूर्ण करा. लस नेताना थर्मासमध्ये बर्फ हवाच. उन्हात अर्धा तास पिशवीत राहिलेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच.

पिलं आणायची ती सकाळी आठच्या आत. भोकं पाडलेलं खोकं, आत कागदाऐवजी गोणपाटाचा तुकडा. कागदावर पाय घसरून कायमचे फाकतात. पिलू हातात घेऊन बघा: डोळे टपोरे, बेंबी कोरडी, मागची बाजू स्वच्छ, पाय चकचकीत.

खुराडं

अर्धी लढाई जातीने जिंकली तर उरलेली अर्धी छपराने. चांगली जात आणून तिला उघड्या पत्र्याखाली ठेवणं ही पुण्यात सगळ्यांत जास्त दिसणारी चूक.

सहा कोंबड्यांना रात्री बसायला चार बाय चार फूट पुरे, उंची किमान पाच फूट, म्हणजे तापलेली हवा त्यांच्या डोक्याच्या वर राहते. दिवसा हिंडायला माणशी, म्हणजे कोंबडीमागे, दहा चौरस फूट तरी जाळीबंद आवार. खुराडं लांबट केलं तर लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर पडतं. पश्चिमेची बाजू तट्ट्याने किंवा वेलाने झाका. दुपारी तीननंतरचं ऊन तिथूनच आत शिरतं. उरलेल्या बाजू जाळीच्या. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. षटकोनी कोंबडी-जाळी कुत्रं फाडतं आणि मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस शिरतं. जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा, म्हणजे उकरून येणाऱ्याला तिथेच अडेल.

पत्रा टाकलाच असेल तर त्याच्यावर सहा इंच अंतर सोडून दुसरं छप्पर करा: उसाचं पाचट, नारळाच्या झावळ्या किंवा भाताचा पेंढा. मधल्या फटीतून वारा वाहिला पाहिजे. पाचट थेट पत्र्यावर टाकलं तर तेही तापतं आणि पावसाळ्यात पत्रा गंजतो. ते जमत नसेल तर पत्र्याला चुना मारा. दहा लिटर पाण्यात दोन-अडीच किलो विरवलेला चुना, चिकटायला थोडा फेविकॉल, मार्चमध्ये दोन हात. पहिल्या वळिवात बराचसा धुऊन जातो, पण तोवर काम झालेलं असतं.

खाली तुसाचा थर उन्हाळ्यात दोन इंचच ठेवा. हिवाळ्यात चार-सहा इंचांचा जाड थर ऊब देतो, कारण खालची विष्ठा कुजताना तापते. हीच ऊब मेमध्ये नको असते. बसायची दांडी बांबूची, प्रत्येकीला एरवी आठ-नऊ इंच, उन्हाळ्यात फूटभर. त्या अंग चोरून नाही, पंख सैल सोडून बसतात.

ओल्या गोणपाटाचे पडदे एप्रिलमध्ये फार उपयोगी, कारण दुपारी हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने उडतं आणि आतली हवा गार होते. पण वळवाचा पाऊस झाला, हवा दमट झाली की हेच पडदे उलटतात. ओल वाढते, पाणी उडत नाही, आणि धापांवरच जगणाऱ्या कोंबडीचं ते एकमेव साधन लटकं पडतं. अशा दिवशी पडदे काढा, टेबलफॅन लावा. फॅनची वायर चोचीच्या आवाक्याबाहेर, हे वेगळं सांगायला नकोच, तरी सांगितलं.

उन्हाळ्यातला दिवस

दाणा खाल्ल्यावर पचनाची उष्णता लगेच येत नाही, चार ते सहा तासांनी शिगेला पोचते. सकाळी दहाला घातलेला भरडा दुपारी दोन-तीनला अंगात पेटतो, म्हणजे बाहेरच्या उन्हाच्या जोडीला आतली भट्टी. म्हणून मार्च ते जून दाणा सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळी भांडी उचलून ठेवा. बाजरी उष्ण आणि ज्वारी थंड हा माणसांचा विचार इथे फारसा लागू होत नाही. वेळ चुकली तर दोन्ही तापवतात. ग्रामप्रियाएवढ्या कोंबडीला हिंडून खाण्याव्यतिरिक्त रोज साठ-सत्तर ग्रॅम, बंद आवारात असेल तर शंभर-एकशेदहा ग्रॅम लेअर खाद्य, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य. घरी भरडा करत असाल तर शेंगदाणा पेंड वास घेऊन घ्या. पावसाळ्यात पेंडीवर येणारी बुरशी यकृत खाते आणि कोंबडी आठवडाभर मलूल होऊन मरते, कारण शोधताना मात्र सगळे उन्हाकडे बोट दाखवतात.

पाणी एरवी कोंबडीमागे पाव लिटर, मेमध्ये अर्धा लिटर. सहा कोंबड्यांना तीन लिटर, दोन ठिकाणी, दोन्ही सावलीत. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी कढत असतं, ते त्या पीत नाहीत आणि तुम्हाला वाटतं भांडं भरलेलं आहे. रात्री भरून ठेवलेलं माठातलं पाणी मातीच्या परळांत द्या, दुपारी बारा आणि तीनला बदला. फार उकाड्याच्या दिवशी एका परळात लिटरभर पाण्याला दोन चमचे गूळ, पाव चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा, फक्त दुपारपुरतं. दुसऱ्या परळात साधं पाणी असलंच पाहिजे. मीठ अंदाजाने जास्त पडलं तर ते विष होतं.

मेमध्ये अंड्यांची कवचं पातळ होतात, कधी नुसता पडदाच हाताला लागतो. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचं संतुलन ढळतं आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून नुसते शिंपले वाढवून भागत नाही, आधी धापा कमी व्हायला हव्यात. शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवा, तोही संध्याकाळी, कारण कवच रात्री बनतं.

झाडाखाली एका कोपऱ्यात राख आणि माती मिसळून ठेवा. त्यात लोळून त्या उवा घालवतात. त्याशेजारी हातभर जमिनीवर सकाळी तांब्याभर पाणी शिंपडलं तर दुपारी त्या तिथेच खड्डा करून पोट गार करतात.

धाप लागली तर

चोच उघडी, पंख अंगापासून दूर, हे दुपारी सगळ्यांचंच होतं. पण कोंबडी उभी राहत नाही, मान टाकते, तुरा फिकट किंवा निळसर पडतो, तेव्हा वेळ थोडा असतो. उचला, सावलीत न्या, बादलीत नळाचं साधं पाणी घेऊन तिला मानेपर्यंत बुडवा, डोकं वर धरून दोन-तीन मिनिटं. बर्फाचं पाणी नको. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. बाहेर काढून वाऱ्यात ठेवा, स्वतः प्यायली तर पिऊ द्या. त्या दिवशी दाणा नको.

पुढची पिलं कोणाच्या अंड्यांतून

हे फक्त गावरान आणि कडकनाथसाठी. ग्रामप्रिया-वनराजाच्या बाबतीत नवी पिलंच आणायची. कळपात एखादा नर असेल तर उबवायला अंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. अंडं विशीच्या पुढच्या तापमानात आतून हळूहळू वाढू लागतं, म्हणून मेमध्ये ओट्यावर आठ दिवस साठवलेल्या अंड्यांतला जीव खुडूक बसवण्याआधीच गेलेला असतो. हिवाळ्यातही सात दिवसांहून जुनं अंडं बसवू नका. एका गावरान मादीखाली दहा-बारा, एकविसाव्या दिवशी पिलं.

अंडी निवडताना मागच्या मे महिन्याची वही उघडा. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाची कडी घाला आणि एप्रिल-मे मध्ये रोज दोनच गोष्टी लिहा: दुपारी तीन वाजता कोण धापा टाकत होती, आणि अंडी घालायच्या पेटीत बसून कोणी अंडं घातलं. जिने उन्हाळाभर धापा कमी टाकल्या आणि आठवड्याला दोन-तीन अंडी दिली, तिचीच अंडी बसवा. नरही अशाच आईचा घ्या, पण या माद्यांचा भाऊ नको. दुसऱ्या गावातून आणा.